कालिकतचा बेत

आमच्या उर्दू शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्हा चौघींची एक भिशी आहे. प्रत्येकी महिन्याला ५०० रुपये. आधीच्या भिशा कुणाच्या फ्रीजमध्ये, कुणाच्या बाळंतपणात, कुणाच्या दिराच्या लग्नात गेल्या. ही मात्र दोन वर्षे कुणीच उचलली नाही. ४८,००० रुपये जमले आहेत. त्या पैशांत दिवाळीच्या सुट्टीत केरळातल्या कोझिकोडला, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या कालिकतला जायचे आणि पाच दिवस समुद्रावर काढायचे, असा आमचा बेत आहे.

घरी सांगितल्यावर चारही घरांतून एकच प्रश्न आला : समुद्र बघायला इतक्या लांब कशाला? प्रश्न रास्त आहे. आम्ही रत्नागिरीच्या. भाट्याची वाळू हाकेच्या अंतरावर. पण भाट्याला आम्ही कधी एकट्या नसतो. कुणाची सून असतो, कुणाची लेक असतो, आणि दर दहा पावलांवर एखादा विद्यार्थी 'टीचर, सलाम!' म्हणून उभा राहतो. मग सलवार घोट्याच्या वर न्यायची सोय नाही. इतकी वर्षे समुद्राकाठी राहून आम्ही चौघी गुडघाभर पाण्यातही उतरलेल्या नाही. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही असा समुद्र आम्हाला हवा आहे. हे कारण घरी सांगता येत नाही, म्हणून इथे लिहीत आहोत.

आपल्या घरांतल्या बायका प्रवास करत नाहीत असे नाही. त्या हज-उमऱ्याला जातात, उरुसाला जातात, नात्यातल्या लग्नाला आणि मयतीला जातात, मुंबईच्या इस्पितळात आठ-आठ दिवस काढतात. पण प्रत्येक सफरीला एक सबब लागते. नुसते बसायला जाणे आमच्या आयांनी कधी केले नाही. त्यांना ते सुचलेही नसेल, किंवा सुचले असेल आणि त्या बोलल्या नसतील.

दुसरा प्रश्न महरमचा. तो आम्ही हसण्यावारी नेलेला नाही. कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे, आणि शाफई मजहबात फर्ज हजसाठी विश्वासू स्त्रियांची सोबत पुरेशी मानली आहे. त्याच आधारावर २०१८ पासून भारतातून पंचेचाळीस वर्षांवरच्या, किमान चौघी मिळून जाणाऱ्या बायकांना महरमशिवाय हजला जाता येऊ लागले. आम्हीही चौघीच, असे आमच्यातली गणिताची आपा म्हणाली. यावर तिच्या सासऱ्यांनी शांतपणे सांगितले की समुद्र म्हणजे हज नव्हे, आणि तुमची वयेही पंचेचाळीस नाहीत. दोन्ही मुद्दे बिनतोड आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की बी.एड. करताना याच मुली एकट्या एस.टी.ने जात-येत होत्या, परगावी भाड्याच्या खोलीत राहत होत्या, तेव्हा ही चर्चा कुणी काढली नव्हती. पगार घरी येणार असला की वाट सुरक्षित होते! अखेर एकीची अम्मी, वय ६६, सोबत येणार असे ठरले आणि विरोध निम्मा मावळला. (अम्मी महरम होत नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलेले दिसत नाही.)

कालिकतच का? आम्ही दर वर्षी वर्गात शिकवतो की १४९८ मध्ये वास्को-द-गामा कालिकतला उतरला आणि हिंदुस्थानच्या सागरी मार्गाचा 'शोध' लागला. पूर्वी न पाहिलेले गाव आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहितो. पण हा शोध लावणारा मालिंदीहून वाटाड्या घेऊन आला होता. त्याने किनाऱ्यावर पाठवलेल्या माणसाला पहिल्यांदा भेटले ते ट्युनिसचे दोन मुसलमान, आणि ते त्याच्याशी स्पेनच्या भाषेत बोलले! म्हणजे गाव आधीच जगाला ठाऊक होते. त्याच्या दीडशे वर्षे आधी इब्न बतूताने याच बंदरात तेरा चिनी जहाजे उभी पाहिली होती. गामा सन १५०२ मध्ये पुन्हा आला, तेव्हा मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज त्याने माणसांसकट जाळले. त्यात बायका होत्या, तान्ही मुले होती. हे आम्ही वर्गात सांगतो, पण परीक्षेत याला गुण नाहीत.

शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर काप्पाडचा किनारा आहे. गामा उतरल्याचा दगड तिथेच आहे, आणि २०२० मध्ये स्वच्छतेचा 'ब्लू फ्लॅग' मिळाला तोही याच किनाऱ्याला. आमचे पाण्यात उतरणे काप्पाडलाच ठरले आहे. गडद रंगाचे, जाड सुती दोन-दोन पंजाबी ड्रेस, ओले झाले तरी अंगाला चिकटणार नाहीत असे, खास शिवायला टाकले आहेत. या एका विषयावर आमच्या मधल्या सुट्टीच्या जितक्या बैठका झाल्या, तितक्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीही झाल्या नसतील.

एक दिवस कुट्टीचिऱ्यासाठी. तिथे तळ्याजवळ मिश्काल मशीद आहे. चौदाव्या शतकात मिश्काल नावाच्या अरब नाखुद्याने ती बांधली. घुमट नाही, मिनार नाही. लाकडी मजल्यांवर मजले आणि वर उतरते कौलारू छप्पर. फोटो पाहून अम्मी म्हणाल्या, ही तर आपल्या आजोळच्या घरासारखी दिसते. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी ती जाळली. पुढे १५७१ मध्ये सामुतिरी राजाने, म्हणजे पुस्तकातल्या झामोरिनने, पोर्तुगिजांचा चालियमचा किल्ला पाडला आणि त्याचे लाकूड या मशिदीच्या दुरुस्तीला दिले, असे तिथले लोक सांगतात. हिंदू राजाने मशिदीसाठी लाकूड दिल्याची ही गोष्ट मुलांना तळ्याच्या फोटोसकट सांगायची आहे.

याच मोहल्ल्यातल्या जुन्या कोया घराण्यांत लग्नानंतर मुलगी सासरी जात नाही. ती आईच्याच मोठ्या घरात राहते आणि नवरा तिच्याकडे येतो. शाफई तेही, आम्हीही. नमाज एक, रिवाज मात्र उलटा. हे ऐकून आमच्यातली सर्वांत धाकटी, जिचा निकाह मेमध्ये झाला, बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तिथे बदली होते का?

खाण्याचा आराखडा वेगळा करावा लागला नाही. बारीक जीरकशाला तांदळाची बिर्याणी, तांदळाच्या पिठाची पत्तिरी, मिठाईच्या गल्लीतला हलवा, संध्याकाळी किनाऱ्यावर मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या आणि आवळे. तिथे शिनाण्यांत तांदळाचे सारण भरतात. सांदणे करणाऱ्या आम्ही बायका, हे शिकून येणारच. एक दुपार बेपूरची. कागदावर नकाशा न काढता लाकडाची 'उरू' जहाजे बांधणारे कारागीर तिथे आहेत, आणि ज्या मँगोस्टीनच्या झाडाखाली वैक्कम मुहम्मद बशीर बसत, ते अंगणही तिथेच आहे. बशीर १९९४ मध्ये गेले.

आमची उर्दू तिथे चालणार नाही, तिथली भाषा मलयाळम. दिवाळीच्या दिवसांत परतीच्या मान्सूनची दुपारची सरही कोसळते. म्हणून समुद्र सकाळी, बाकीचे दुपारनंतर.

गाडी नेत्रावती एक्स्प्रेस. संध्याकाळी रत्नागिरीला बसायचे ते दुसऱ्या दिवशी कोझिकोडला उतरायचे. वाटेत रात्री होन्नावर लागते. इब्न बतूताने या गावाला हिनावर म्हटले आहे. तिथे मुलींच्या तेरा आणि मुलग्यांच्या तेवीस शाळा पाहिल्याचे आणि तिथल्या बायकांना कुराण तोंडपाठ असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. चौदाव्या शतकात, मुलींच्या तेरा! आमच्या शाळेत आठवीनंतर मुलींची पटसंख्या कशी घसरते ते आम्हाला ठाऊक आहे. होन्नावरला आम्ही जागे राहणार आहोत, शरावतीच्या पुलावरून अंधारात काही दिसो वा न दिसो.

तिकिटे अजून काढायची आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठच दिवस आधी उघडते, पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडत असे. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच, त्यामुळे अम्मींचेही पूर्ण भाडे. त्यांना खालचा बर्थ हवा. आरक्षण सकाळी आठला उघडते, आणि त्या वेळी आमच्या शाळेत पहिला तास सुरू असतो. पहिला तास मोकळा असलेली चौघींत एकच, गणिताची आपा. मोबाइल आणि भिशीचे पैसे तिच्याकडे देऊन ठेवले आहेत. तिच्या सासऱ्यांनी काल विचारले, काप्पाडला मासे ताजे मिळतात का?