बांध कोणाचा?

पनवेलहून कुणी परदेशी शिकायला निघालं की कॉम्प्युटर नाहीतर एमबीए, असा सगळ्यांचा हिशेब. मी पर्यावरण व्यवस्थापन म्हटल्यावर मामा म्हणाले, "झाडं लावायला एवढं कर्ज काढायचं?"

मी नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठात गेले. विमान उतरतं तो स्किपोल विमानतळच मुळी तळ्याच्या तळाशी आहे. हार्लेमरमेर नावाचं ते तळं 1852 साली पंपांनी उपसून कोरडं केलेलं. इकडे आमच्याकडे तेव्हा उलव्याची टेकडी फोडून, नदी वळवून विमानतळाचा भराव चाललेला. म्हणजे नावं ठेवायची तर दोघांनाही.

वर्गात पोल्डर शिकवायला घेतला: समुद्रसपाटीखालची जमीन, भोवती बांध. मला त्यात नवं काही वाटेना. सिडकोने जमीन घेण्याआधी खाडीकाठी आमची खारी शेती होती. मी फळ्यावर उघाडी काढून दाखवली. बांधातल्या मोरीला खाडीच्या अंगाने वरून टांगलेली लाकडी झडप. भरती आली की पाण्याच्याच दाबाने ती घट्ट मिटते. ओहोटीला शेतात साचलेलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वीज नको, पंप नको. बाईंनी विचारलं, "निगा कोण राखतं?"

पूर्वी एका बांधाखालचे शेतकरी मिळून राखत, त्याला जोळ म्हणत. बांध फुटून खांड गेली की घरटी एक माणूस माती टाकायला जायचा. मग 1948 चा आणि पुढे 1979 चा खारभूमी कायदा आला, सरकारने बांध हाती घेतले आणि खांड गेली की अर्ज लिहायची रीत पडली. तिकडे नेदरलँड्समध्ये पाण्यासाठी वेगळी मंडळं आहेत, मध्ययुगापासूनची. त्यांचा कर वेगळा, निवडणूकही वेगळी. मार्च 2023 मध्ये आमच्या घरमालकीणबाई मतदान करून आल्या आणि कराच्या बिलावरून तासभर कुरकुरल्या. मला त्या कुरकुरीचाच हेवा वाटला.

तिथेही सगळं गोडीगुलाबीने होतं असं नाही. 1995 च्या पुरात सुमारे अडीच लाख लोक हलवावे लागले. त्यानंतर वाल नदीला जागा करून द्यायला नायमेखनजवळच्या लेंट गावी बांध 350 मीटर मागे सरकवला, पन्नासेक घरं पाडली. गावकऱ्यांचा विरोध होता. वर्गाची सहल तिथे गेली तेव्हा बाकीचे तिथल्या नव्या पुलाचे फोटो काढत होते. मी मात्र घरं गेलेल्या लोकांबद्दलच विचारत राहिले. पनवेलच्या माणसाला दुसरं काय सुचणार!

आता इकडे परत येऊन मी प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल करते. जनसुनावणीसाठी मराठी सारांश द्यावाच लागतो, तो मीच लिहिते आणि सोबत उघाड्यांचा नकाशा जोडते. प्रपत्रात असा रकाना नाही, असं साहेब म्हणतात. परवा पेणकडच्या एका शेतकऱ्याने तो नकाशा मांडीवर पसरला, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि आमच्या सर्वेक्षणात नसलेल्या दोन उघाड्या आखून दिल्या. वरून विचारलं, "यांच्या तोंडाशी भराव येतोय, मग पाणी कुठून काढणार?" प्रश्न त्याच्या शब्दांत अहवालात घातलाय. कंपनीचं उत्तर अजून यायचंय.