एक नाव, दोन गाड्या

होंडाची एनएसएक्स 1990 मध्ये विक्रीला आली, तेव्हा तिची बरोबरी थेट फेरारीशी करायची असं जपानी अभियंत्यांनी ठरवलेलं होतं. सबंध ढाचा अ‍ॅल्युमिनियमचा, वजन सुमारे 1370 किलो. तीन लिटरच्या व्ही-6 इंजिनात टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड होते, म्हणून ते मिनिटाला 8000 फेरे बिनदिक्कत घ्यायचं. चालकाला चौफेर दिसावं यासाठी एफ-16 विमानाच्या कॉकपिटचा अभ्यास झाला होता. 1989 मध्ये सुझुकाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वन शर्यतपटू आयर्टन सेनाने नमुना गाडी पळवली आणि ती नाजूक वाटते असं सांगून टाकलं. मग जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग ट्रॅकवर चाचण्या घेत तो ढाचा आणखी ताठ करण्यात आला.

त्याच नावाची दुसरी गाडी 2016 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत तयार होऊ लागली. दोन टर्बो, तीन विद्युत मोटारी, नऊ गिअर, 573 अश्वशक्ती. पहिलीची ताकद 270 होती. पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र मोटारी असल्याने वळणावर कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा, हे संगणक क्षणोक्षणी ठरवतो. ओल्या घाटातही ती चालकाला सांभाळून घेते, आणि हे फार मोठं यश आहे.

जुनी असं सांभाळून घेत नाही. सुरुवातीच्या मॅन्युअल गाड्यांना पॉवर स्टिअरिंगच नव्हतं. पार्किंगमध्ये दंड भरून येतात; पण वेग घेतला की रस्त्याचा खडबडीतपणा थेट तळव्यांपर्यंत पोचतो. चूक झाली तरी कुठे झाली, ते हाताला कळतं. मॅक्लारेन एफ-1 घडवणारे गॉर्डन मरे स्वतः एनएसएक्स वापरत, ते उगाच नव्हे.

आकड्यांनी पाहिलं तर दुर्मीळ आहे ती नवीच. जुन्या गाड्या 2005 पर्यंत 18 हजारांवर निघाल्या. नवी 2022 मध्ये थांबली, तेव्हा तीन हजारांचाही पल्ला गाठलेला नव्हता. तरीही शौकिनांचा जीव जुनीत अडकतो.

कारण तिची मालकी म्हणजे देखभाल.

तिचा टायमिंग बेल्ट गाडी उभी असली तरी काही वर्षांनी बदलावाच लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून सरळ करायला सरावलेला हात हवा. जपानमध्ये होंडाने 1993 पासून या गाड्या पुन्हा ठाकठीक करून देण्याची सोयच ठेवली. आज धडधाकट दिसणाऱ्या प्रत्येक जुन्या एनएसएक्समागे कुणीतरी वर्षानुवर्षं घातलेलं लक्ष असतं. नवीच्या बॅटऱ्या आणि नियंत्रक मात्र नुसत्या पान्याने उघडून दुरुस्त होत नाहीत; त्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं.

रोज पावसापाण्यात ऑफिस गाठायचं असेल, तर नवीच घ्यावी. गाडी चालवण्याइतकीच ती समजून घेण्याची हौस असेल, तर जुनी. मात्र पैसे मोजण्याआधी रंगाच्या चकाकीवर भुलू नये; बेल्ट शेवटचा केव्हा बदलला, त्याची पावती मागावी.