पाय वळव, हात नको

एक्स-रे पाहून मला वाटलं होतं, एवढं काय त्यात! बाहेरच्या हाडाला प्लेट लागली की घोट्याच्या वर एक आडवा स्क्रू मारायचा, संपलं. ऑर्थोचं पहिलं वर्ष, तिसरा महिना. त्या वयात अज्ञानाचा आत्मविश्वास भलताच असतो.

पेशंट सुतारकाका. लॉफ्टचं दार बसवताना स्टुलावरून घसरले, पाय मुडपला. बाहेरचं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, मोडलंच; शिवाय त्याला नडगीच्या हाडाशी बांधून ठेवणारी लिगामेंट्सही फाटली. या जोडाला सिंडेस्मोसिस म्हणतात. सरांनी प्लेट लावली, मग फिब्युलात हूक अडकवून बाहेर ओढलं. सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर दोन हाडांमधली फट डोळ्यांदेखत रुंदावली.

"लूज आहे. स्क्रू तू टाक."

सांध्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटर, सांध्याला समांतर, २.५ मिलिमीटरचं ड्रिल बिट, ३.५ चा स्क्रू. सगळं पाठ होतं. भोक पाडलं, समोरून एक्स-रेचा शूट घेतला. रेघ ओढल्यासारखं सरळ! मी मास्कच्या आत हसलेसुद्धा. मग सरांनी बाजूने शूट मागितला. त्यात बिट नडगीच्या हाडाच्या पार मागच्या कडेला गेलेलं, जेमतेम हाडात.

"कुठं चाललीस?" सर म्हणाले.

गोम अशी की फिब्युला नडगीच्या हाडाच्या थेट शेजारी नसतं, थोडं मागे असतं. म्हणून मागून पुढे, २५ ते ३० अंश चढवत जायचं. हेही पाठ होतं! पण हिरव्या चादरीतून जेमतेम पाय बाहेर आलेला असताना ३० अंश म्हणजे नेमके किती? ड्रिलचा मागचा भाग खाली नेला तर सर म्हणाले, जास्त झालं. वर आणला तर कमी. लेड ॲप्रनच्या आत घामाची धार लागली. आणि समोरचा शूट मेला दर वेळी सुंदरच दिसायचा. मागे-पुढे झालेली चूक त्यात कळतच नाही.

काकांना कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केला होता, ते टक्क जागे. पडद्यापलीकडून आवाज आला, "डॉक्टर, कोन चुकतोय का? गुण्या लावा की."

सिस्टर खुदकन हसल्या. सर हसले नाहीत. "बरोबर बोलताहेत ते," म्हणाले, आणि वॉर्डबॉय मामांना सांगून काकांच्या त्या बाजूच्या कुल्ल्याखाली चादरीची जाड घडी सरकवली. पाय आत वळला. सरांनी तो आणखी थोडा वळवून धरला. "हात नको वळवू, पाय वळव. आता ड्रिल जमिनीला समांतर धर."

जमीन! ती तर माझ्या डोळ्यांना रोज दिसते. पाय तेवढे अंश आत वळला की तिरकी वाट आपसूक आडवी होते. पहिल्या भोकाच्या जरा वर नवं भोक पाडलं. या वेळी बाजूच्या शूटमध्येही बिट हाडाच्या मधोमध.

त्याआधी दोन हाडं जवळ धरणारा शिकंजाही सरांनी सोडून पुन्हा लावला होता, कारण मी तो तिरका आवळला होता. तिरका शिकंजा फिब्युलाला नडगीच्या हाडातल्या खोबणीतून पुढे-मागे सरकवतो. (काकांना हे सांगायला नकोच होतं. "लाकडाचंही तेच," म्हणाले.) स्क्रूनेसुद्धा दोन हाडं आवळायची नसतात, नुसती जागेवर धरून ठेवायची. तो तीन कॉर्टेक्समधून, म्हणजे हाडाच्या कडक भिंतींतून, न्यावा की चार, यावर मात्र थोरामोठ्यांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. सरांनी चार निवडले.

चहा घेताना सरांनी दोन आकडे ऐकवले. १९७६ मध्ये रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी दाखवलं की घोट्यातलं टॅलस हाड एक मिलिमीटर बाहेर सरकलं तरी सांध्याचा टेकण्याचा भाग ४२ टक्क्यांनी घटतो. आणि २००६ मध्ये गार्डनर वगैरेंनी ऑपरेशन झालेल्या २५ जणांचे सीटी काढले, तर १३ जणांचं फिब्युला खोबणीत नीट बसलेलं नव्हतं. साध्या एक्स-रेवर मात्र २५ पैकी सहाच जणांत गडबड दिसली होती. माझा चहा निवला.

दुसऱ्या दिवशी काकांच्या दोन्ही घोट्यांचा सीटी काढला. डावा चांगला, उजवा आपला. शेजारी ठेवून फिब्युलाची खोबणीतली जागा ताडून पाहिली. सारखी होती. मी काकांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"स्क्रू एकच," ते म्हणाले, "मग भोकं दोन कशी?"