गुडघ्यातला मेंदू

मेंदू गुडघ्यात असतो म्हणतात, तो डाव्या की उजव्या हे कुणी सांगत नाही. परवापासून मी त्याच विचारात आहे. कोपर, टाच, खांदा, एवढं सगळं सोडून आपण गुडघाच का धरला? उतावळ्या नवऱ्याचं बाशिंगही गुडघ्यालाच. म्हणजे डोक्यावरून जे जे घसरतं ते तिथे येऊन अडतं. उकिडवं बसलं की डोकं आणि गुडघे शेजारी येतात, म्हणून असेल. खुर्च्या लवकर आल्या असत्या तर कदाचित मेंदू कमरेत गेला असता.

असं पुरुषालाही म्हणतात. पण तेव्हा तो एकटाच असतो. बाईला म्हणताना मागे ‘तुम्हा बायकांचा’ येतं.

2013च्या डिसेंबरात पेनसिल्वेनिया विद्यापीठातून एक शोधनिबंध निघाला. पहिलं नाव मधुरा इंगळहळीकर, म्हणून मी तो जरा जास्तच आपुलकीने वाचला. 8 ते 22 वयाच्या 949 जणांचे मेंदू. सरासरीने, मुलग्यांत एकेका अर्ध्या मेंदूच्या आतली जोडणी दाट, मुलींत दोन अर्ध्यांमधली. लगेच नकाशे त्यांच्याकडे आणि मनकवडेपणा आमच्याकडे अशी वाटणीही होऊन गेली. लहान मेंदूत हेच चित्र उलटं होतं, ते मथळ्यात मावलं नसावं.

या जोडण्या थेट कुणाला दिसत नाहीत. मेंदूतलं पाणी तंतूंच्या लांबीने सहज सरकतं, आडवं जाताना अडतं. यंत्र ते सरकणं मोजतं आणि त्यावरून गणिताने वाटा आखतात.

हे वाचलं आणि आजीच्या वाती आठवल्या. तेलही असंच तंतू धरून चढतं.

आजीचा चातुर्मासात लाख वातींचा नेम असे. चार महिन्यांत लाख, म्हणजे रोज आठशेच्या वर. पाय पसरून, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून ती बसे. नडगीवर कापसाचा पेळू, बोटांना दुधाचा ओलावा, आणि तळवा गुडघ्याकडून खाली फिरला की वात तयार. तिची अक्कल खरोखरच गुडघ्याखाली वीतभर काम करायची. निवृत्त झाल्यावर आजोबांना दुपार खायला उठली, तेव्हा तेही वळायला बसले. दार लोटून. दोघांच्या वाती एकाच डालड्याच्या डब्यात पडत. ‘यांच्या वातींना पीळ फार,’ आजी म्हणे, ‘तेल चढत नाही.’ मला तर सगळ्या सारख्याच दिसत.

2015मध्ये तेल अवीवच्या दाफ्ना जोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1400हून अधिक मेंदूंचे स्कॅन पाहून सांगितलं, की निव्वळ बायकी किंवा निव्वळ पुरुषी मेंदू क्वचितच सापडतो. बहुतेकांत दोन्हीकडचं मिसळलेलं असतं. मला हायसं वाटलं. डालड्याचा डबाच की हा! मग 2024मध्ये स्टॅनफर्डच्या संगणकाने 20 ते 35 वयाच्या निरोगी माणसांच्या मेंदूतली नुसती हालचाल पाहून बाई की पुरुष हे दहातल्या नऊ वेळांहून अधिक बरोबर ओळखलं. मिसळलेलं आहे आणि तरी ओळखू येतं. ही दोन्ही वाक्यं मी एकाखाली एक लिहून ठेवली आहेत. ती एकमेकींना खोडत नाहीत, आणि मला शांत झोपूही देत नाहीत.

एकदा मी दोघांच्या मूठमूठ वाती कालवून आजीपुढे ठेवल्या. तिने चष्मासुद्धा घेतला नाही. चिमटीत धरायची, किंचित फिरवायची, की वात या ढिगात नाहीतर त्या. आजोबा पेपराच्या आडून बघत होते. शेवटच्या वातीपाशी मात्र ती थांबली, दोनदा फिरवली, आणि मग आपल्या ढिगात टाकली.

‘बरोबर?’ तिने विचारलं.

कुणाच्या कुठल्या, हे मी आधी कुठे खूण करून ठेवलंच नव्हतं.