अधिक-उणें

माणसाची किंमत आंकड्यांनीं करूं नये, असें आम्ही शिक्षक वर्गांत सांगतों आणि घरीं येऊन त्याच हातानें उत्तरपत्रिकांवर आंकडे घालीत बसतों. ह्या विसंगतीची टोंचणी पहिलीं पांच-सात वर्षें लागते. पुढें ती लागेनाशी होते. मला ती नोकरीच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं पुन्हां लागली, आणि तीही इंग्रजी वाङ्मयाच्या उत्तरपत्रिकेवरून नव्हे, तर कबड्डीच्या एका वहीवरून.

मी राहतों मुलुंडला. माझें महाविद्यालय घाटकोपरच्या बाजूला. तेथील जिमखान्याचें काम माझ्याकडे आलें तें माझ्या शरीरसंपदेमुळें नव्हे, हें मला पाहिलेल्या माणसास सांगावयास नको. कामांची वाटणी ज्या सभेंत झाली, तींत मी उशिरां पोंचलों, एवढेंच त्याचें कारण. तथापि कबड्डीविषयीं मला प्रेम होतें. लहानपणीं मुलुंडच्या मोकळ्या मैदानांत आम्ही गुडघे फुटेपर्यंत मातींत खेळत असूं. त्या काळीं गुणफलक सामन्याचा असे, खेळाडूचा नसे. कोण चांगला आणि कोण बेताचा, हें ज्यानें त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहून ठरवावें.

२०१४ सालीं प्रो कबड्डीचे सामने दूरचित्रवाणीवर सुरू झाले आणि प्रत्येक खेळाडूच्या नांवापुढें आंकडे झळकूं लागले. २०२२ सालीं प्रदीप नरवाल ह्यानें चढाईच्या दीड हजार गुणांचा टप्पा ओलांडला, हें आमच्या शेजारच्या सहावींतील मुलासही पाठ आहे. उलट पकडींत ज्याचें नांव अग्रभागीं घेतात, तो आपल्या मुंबईच्या संघाकडूनही खेळलेला इराणी कोपरारक्षक फजल अत्राचली. त्याच्या गुणांची संख्या मात्र शेंकड्यांतच राहते. कारण उघड आहे. चढाई करणारा एका दमांत दोन-तीन गडी टिपूं शकतो. पकड चौघांनीं मिळून केली तरी बहुधा गुण एक, आणि तोही ज्यानें प्रथम हात घातला त्याच्या नांवावर.

ह्यांत सर्वांत अधिक अन्याय होतो तो कव्हरच्या जागेवर खेळणाऱ्यावर. कोपऱ्यावरचा गडी घोटा धरतो, टाळ्या त्याला मिळतात. पण त्याच क्षणीं कव्हर आडवा पडला नाहीं, तर चढाई करणारा धरणाऱ्यासकट मध्यरेषा गांठतो. शिवाय कव्हरचें खरें काम ह्याहूनही अदृश्य आहे. तो योग्य जागीं उभा असला म्हणजे चढाई करणारा खोल शिरतच नाहीं. निदानरेषा ओलांडतो, तीस सेकंद इकडेतिकडे पाहतो आणि रिकाम्या हातानें परततो. ह्या न घडलेल्या गोष्टीचें श्रेय कोणाच्या खात्यांत जमा करावें? क्रिकेटनें ह्या बाबतींत अधिक न्याय केला आहे. १९६४ सालीं मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापू नाडकर्णी ह्यांनीं लागोपाठ २१ षटकें निर्धाव टाकलीं. त्या डावांतील त्यांचा हिशेब ३२ षटकें, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाहीं, असा आहे. बळींच्या जागीं शून्य असलेली ही कामगिरी साठ वर्षांनंतरही लोकांच्या तोंडीं आहे, कारण क्रिकेटच्या वहींत ‘निर्धाव’ म्हणून एक रकाना आहे. कबड्डीच्या वहींत तसा रकाना नाहीं.

ही खंत मीं आमच्या संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यापाशीं बोलून दाखविली. ते एक हिंवाळा टोरांटोला लेकीकडे काढून नुकतेच परतले होते. बाहेर बर्फ, आंत जावई, आणि दोघांच्या मध्यें दूरचित्रवाणीवर बर्फावरील हॉकी, असा त्यांचा तेथील दिनक्रम होता. आपल्या हॉकीशीं त्या खेळाचें नातें नांवापुरतेंच. गोलरक्षकासह सहा जण बर्फावर उतरतात आणि मिनिटा-पाऊण मिनिटानें बाकीच्यांची अदलाबदल चालूं असते. त्यामुळें गोल झाला त्या क्षणीं कोण आंत होतें, ह्याची नोंद ठेवण्यांत अर्थ असतो. आपल्या बाजूनें गोल केला तर आंत असलेल्या प्रत्येकास अधिक एक. आपल्यावर झाला तर प्रत्येकास उणें एक. प्रतिपक्षाचा गडी शिक्षा म्हणून बाहेर असतां संख्याबळावर केलेला गोल तेवढा ह्या हिशेबांत धरीत नाहींत. माँट्रियलच्या संघानें १९५० नंतरच्या दशकांत ही नोंद ठेवण्यास आरंभ केला आणि १९६७-६८ च्या हंगामापासून तेथील मुख्य लीग ती अधिकृतपणें ठेवूं लागली. बोस्टनचा बचावपटू बॉबी ऑर ह्याचा १९७०-७१ च्या हंगामांतील आंकडा अधिक १२४ आहे. तो विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाहीं.

“ज्यानें चेंडूला हातही लावला नाहीं, त्याचीही ह्या हिशेबांत नोंद होते,” असें सहकारी म्हणाले. बर्फावर चेंडू नसतो, रबराची चकती असते, हें त्यांनीं मागाहून दुरुस्त केलें. पण माझें तिकडे लक्ष नव्हतें. मला माझा रकाना सांपडला होता.

तो हिशेब आम्हीं कबड्डीला लावला. प्रत्येक चढाईच्या आरंभीं आमचे कोण कोण मैदानांत आहेत तें लिहावयाचें. त्या चढाईंत आम्हांस गुण मिळाले तर त्या सर्वांच्या नांवें अधिक, गेले तर सर्वांच्या नांवें उणें. संख्याशास्त्राच्या वर्गांतील दोन मुली वही धरून बसत. अकरा सामने झाले आणि बेरजा माझ्यापुढें आल्या. डावा कोपरारक्षक अधिक २२. उजवा कव्हर उणें ३१. संघांत त्याच्याइतका खालीं दुसरा कोणी नव्हता.

हा मुलगा तिसऱ्या वर्षांत होता. असल्फ्याच्या टेकडीवरील वस्तींतून येई, फारसा बोलत नसे. वर्षभरांत त्याच्या नांवावर पकडी अवघ्या नऊ. म्हणजे जुना आंकडा आणि नवा आंकडा, दोन्ही साक्षीदार एकच जबानी देत होते. आमचे प्रशिक्षक म्हणाले, “सर, त्याला काढूं नका. तो मागें असतो म्हणून बाकीचे झेप टाकतात.” मीं त्यांच्यापुढें वही ठेवली. ते गप्प बसले. आंकड्यापुढें गप्प बसणें, हा आपल्याकडे सभ्यपणा समजला जातो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठीं बारा जणांची यादी गेली, तींत त्याचें नांव नव्हतें. कबड्डीच्या जोरावर बँकेंत, रेल्वेंत वा पोलीसदलांत नोकरी मिळविणारीं मुलें मुंबईंत आजही आहेत, आणि अशा मुलांना ह्या स्पर्धेचें प्रशस्तिपत्र किती मोलाचें असतें, हें मला ठाऊक होतें. ठाऊक असूनही मीं सही केली.

दुसऱ्या दिवशीं तो माझ्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला.

“सर, माझं काय चुकलं तेवढं सांगाल का?”

मीं वही उघडून तो आंकडा दाखविला. त्यानें दोन-चार पानें उलटून पाहिलीं आणि तो म्हणाला, “सर, मी शेवटपर्यंत आंत असतो ना!”

मला तें उत्तर थोडें उद्धटपणाचें वाटलें. “म्हणूनच तुझ्यासमोर इतके गुण गेले,” मी म्हणालों. तो नमस्कार करून निघून गेला.

संध्याकाळच्या गाडींत विक्रोळी गेलें, कांजूर गेलें, भांडुप आलें, तरी तें वाक्य डोक्यांतून जाईना. त्याच आठवड्यांत प्राध्यापकांच्या सभेंत मी तावातावानें बोललों होतों. हल्लीं आमचेंही मूल्यमापन गुणांनीं होतें. अमुक परिसंवादास अमुक गुण, अमुक निबंधास अमुक. वर्गांत मागच्या बाकावरच्या मुलाला मीं कविता समजावून दिली, तिला कोणता रकाना, असें मीं विचारलें होतें आणि टाळ्याही घेतल्या होत्या.

रात्रीं जेवण झाल्यावर वही पुन्हां उघडली, आणि ह्या वेळीं शेवटची ओळ सोडून पहिल्या ओळीपासून वाचूं लागलों. कबड्डींत बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो आणि आपल्या पक्षानें प्रतिपक्षाचा गडी बाद केला कीं क्रमानें परत येतो. सारेच बाद झाले तर लोण, आणि त्याचे दोन गुण आणखी वर. आमचा डावा कोपरारक्षक धाडसी होता. तो प्रत्येक चढाईला घोट्यावर झेप टाकी. झेप साधली तर टाळ्या. न साधली तर तो बाद होऊन बाहेर बसे. आणि एकदां बाहेर बसला, कीं पुढें मैदानांत जो अनर्थ होई त्यांतला एकही उणा गुण त्याच्या खात्यांत पडत नसे. कव्हर मात्र उगाच अंग टाकीत नसे, म्हणून तो सहसा बाद होत नसे. सातांचे तीन उरत, तिघांचे दोन; त्या उरलेल्यांत हा बहुधा असेच. लोण होई त्या वेळीं सारा बोजा ह्याच्या नांवावर. जो जितका टिकला, तितका तो वाईट काळाचा साक्षीदार झाला, आणि मीं साक्षीदारालाच आरोपी केलें होतें.

मीं कागदावर दोन रकाने पाडले. चार किंवा अधिक गडी आंत असतांना त्याचा हिशेब अधिक १३ होता. तीन किंवा कमी उरले असतांना उणें ४४. अशी बिकट अवस्था आमच्यावर २६ वेळां आली होती. तो आंत होता अशा १९ प्रसंगांपैकीं ११ वेळां आम्हीं लोण टाळला होता. तो नव्हता अशा ७ प्रसंगांपैकीं फक्त एकदां.

दुसऱ्या दिवशीं सहकाऱ्यांना तो कागद दाखविला. ते हंसले नाहींत. त्यांनीं मला बिल मिकेलसन ह्या बचावपटूची हकीकत सांगितली. १९७४-७५ सालीं वॉशिंग्टनचा संघ नवाच निघाला होता. ८० सामन्यांपैकीं त्यानें जिंकले ८. त्या संघांत मिकेलसनचा आंकडा उणें ८२ झाला आणि एका हंगामांतील सर्वांत वाईट आंकडा म्हणून तो आजतागायत त्याच्या नांवाला चिकटून राहिला आहे. तो खेळाडू वाईट होता कीं त्याचा संघ, हें उणें ८२ सांगत नाहीं. म्हणून तिकडचे जाणते लोक नुसती बेरीज पाहत नाहींत. तो आंत असतां संघाचें काय झालें आणि बाहेर असतां काय झालें, हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवतात. तो कोणाबरोबर उतरला, कोणासमोर उतरला आणि कोणत्या वेळीं उतरला, हेंही विचारतात.

ह्यावरून कोणी असें समजूं नये, कीं मी त्या वहीला टाकाऊ ठरवितों आहें. पकडींच्या आंकड्यानें ह्या मुलाला पाहिलेंच नव्हतें. अधिक-उणें ह्या हिशेबानें निदान त्याची हजेरी मांडली, आणि पुढें त्याची बाजू मला सांपडली तीही त्याच वहींत. अकरा सामन्यांवरून मी शपथ घेणार नाहीं. २६ प्रसंग ही कांहीं मोठी नोंद नव्हे. पण प्रशिक्षकांचें तें एक वाक्य आणि हे दोन रकाने एकमेकांशीं जुळत होते. चूक बेरजेची नव्हती. बेरीज हातांत पडतांच विचारणें थांबविलें, ती चूक माझी होती.

यादी मात्र गेली होती. बदल आजारपणाच्या दाखल्याखेरीज होत नसे. एकानें तसा दाखला मिळविण्याची सोपी वाटही सुचविली. ती घेणें मला जमलें नाहीं. आमचा संघ दुसऱ्याच सामन्यांत हरला. तो मुलगा असता तर जिंकलों असतों, असें मी म्हणत नाहीं. तें मोजण्याचा मार्ग नाहीं.

मीं त्याला बोलावून घेतलें, दोन रकान्यांचा तो कागद पुढें ठेवला आणि माझी चूक झाली असें सांगितलें. अठ्ठावीस वर्षांत विद्यार्थ्यापाशीं हें वाक्य मीं किती वेळां उच्चारलें असेल, तें मोजावयास एका हाताचीं बोटें पुरतील. त्यानें कागद लक्षपूर्वक वाचला. “अकरा वेळां?” असें त्यानें विचारलें. मीं होय म्हटल्यावर तो कागद त्यानें घडी करून खिशांत ठेवला.

त्याला खेळाच्या जोरावर नोकरी मिळाली नाहीं. तो आतां एका गोदामांत हिशेबाचें काम करतो आणि संध्याकाळीं वस्तींतील लहान मुलांना कबड्डी शिकवितो. गेल्या दिवाळीच्या सुमारास तो घरीं आला होता. आमच्या वहीसारख्या कोऱ्या वह्या मिळतील का, म्हणून विचारीत होता; मुलांची नोंद ठेवावयाची म्हणाला. मीं दोन दिल्या. माझ्यादेखत त्यानें पहिलें पान उघडलें, पट्टी मागून घेतली आणि नांवांच्या रकान्याशेजारीं आणखी एक रकाना आंखून त्यावर लिहिलें : ‘तेव्हां आंत किती होते?’