मुक्या सोबत्याचे तळवे

उंबरठा ओलांडताना आपण पायांत वहाणा सरकवतो आणि रस्त्याची चिंता तेथेच सोडून देतो. खडी, काच, चिखल, तापलेले डांबर हे सारे वहाणेचा तळ सोसतो. वहाण झिजली की नवी घ्यावी, एवढाच काय तो खर्च. कुत्र्याजवळ असा बदलण्याजोगा तळ नसतो. जन्मतः मिळालेल्या कातडीवरच त्याला सारे आयुष्य चालून काढावे लागते, आणि ती दुखावली तर तो कोणाकडे तक्रारही नोंदवू शकत नाही.

त्याच्या पंजाखालचे काळसर, फुगीर भाग म्हणजे पंजाच्या गाद्या. बोटांखाली चार लहान आणि त्यांच्या मागे एक मोठी, अशी त्यांची रचना असते. पुढच्या पायांना मनगटाच्या मागील बाजूस आणखी एक छोटी गादी असते. वरचे कातडे जाड व खरखरीत, तर त्याखाली चरबीचा व लवचीक तंतूंचा थर. धावताना, उडी मारताना बसणारा हिसका हा थर झेलतो. कुत्र्याला घाम येतो तोही प्रामुख्याने येथेच. कुत्रा टाच न टेकता बोटांवर चालणारा प्राणी असल्याने त्याच्या देहाचा सगळा भार या गाद्यांवरच येतो. पेढीवरच्या गादीवर बसून व्यवहार करणाऱ्या आपल्या मंडळींना गादीचे मोल निराळे सांगावयास नको.

दुखणे सांगण्याची त्याची रीत मात्र आपण शिकून घेतली पाहिजे. लंगडणे चटकन ध्यानी येते, परंतु पंजा सतत चाटणे ही आपण सवय समजून सोडून देतो. फरशीवरून जाण्याचे टाळून मातीवरून चालणे, जिन्यापाशी थबकणे, फिरायला निघताना मागे सरणे, पंजाला हात लावताच तो ओढून घेणे, ही सारी वेदनेचीच लक्षणे होत. कुत्र्याच्या चाटण्याने त्याची जखम बरी होते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. प्रत्यक्षात सततच्या ओलाव्याने कातडी मऊ पडते, जंतुसंसर्ग वाढतो आणि जखम चिघळते.

निवृत्तीनंतर मी बार्शीत स्थायिक झालो. सकाळच्या फेरफटक्यात भुसार पेठेतील दुकाने उघडताना पाहणे हा माझा परिपाठ आहे. तेथील एका व्यापाऱ्यांकडे मोती नावाचा गावठी कुत्रा आहे. दोन वर्षांपूर्वी तो दुकानाच्या पायरीवरून उठेनासा झाला. शेठ म्हणाले, “साहेब, वय झाले त्याचे. आता पाय उचलवत नाहीत.” जवळ जाऊन पाहिले तेव्हा चारही पंजांच्या गाद्यांवर कोरड्या खपल्या धरलेल्या दिसल्या. भेगांतून लालसर मांस डोकावत होते. ओठांच्या आणि डोळ्यांच्या कडांनाही तशाच खपल्या होत्या. घरातील मंडळी महिनाभर रोज रात्री न चुकता गाद्यांना साजूक तूप आणि हळद लावीत होती. माया उदंड होती, पण गुण येत नव्हता.

शेठ आणि मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी पंजे निरखले, कातडीचा किंचित खरवडा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मग विचारले, “हा खातो काय?” शेठ कौतुकाने म्हणाले, “घरचे दूध-चपाती, दोन्ही वेळा. शिवाय हाडे बळकट व्हावीत म्हणून कॅल्शियमची पूड.” डॉक्टरांना बहुधा हेच ऐकायचे होते. त्यांनी समजावून सांगितले की धान्यातील, विशेषतः कोंड्यातील, फायटेट नावाचा घटक जस्ताला बांधून ठेवतो आणि जादा कॅल्शियममुळेही जस्त शरीरात नीट शोषले जात नाही. जस्त कमी पडले की कातडीची जडणघडण बिघडते. गाद्या टणक होतात, त्यांवर खपल्या धरतात आणि पुढे भेगा पडतात.

शेठजींचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, म्हणजे आमच्या घरात जे शिजत नाही, ते याला घालायला सांगणार का?” प्रश्न केवळ कुत्र्याच्या पायांचा नव्हता, एका घराच्या आचाराचाही होता. डॉक्टर म्हणाले, “तसे नाही, शेठ. कुत्रा शाकाहारावर राहू शकतो. पण तो आहार कुत्र्याच्या गरजेप्रमाणे संतुलित हवा. दूध-चपाती हा आपला आधार झाला, त्याचा पुरा आहार नव्हे.” त्यांनी कॅल्शियमची पूड बंद केली, प्रथिने व क्षार योग्य प्रमाणात असलेले, कुत्र्यांसाठीच बनवलेले शाकाहारी खाद्य सुचवले आणि मोतीचे वजन करून मोजक्या दिवसांसाठी जस्ताच्या गोळ्या दिल्या. जस्त जास्त झाले तर तेही विषारी ठरते, तेव्हा या गोळ्या मनाने वाढवू नयेत, अशी ताकीद दिली. भेगा मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन कोरड्या करायच्या आणि दिलेले मलम लावून ते शोषले जाईपर्यंत चाटू द्यायचे नाही, असा क्रम ठरला. दीड महिन्यात खपल्या गळून पडल्या. घराचा नियम मोडला नाही आणि मोतीचे पायही सुधारले.

या प्रसंगातून एक सूत्र हाती लागते, आणि ते बँकेतील हिशेबतपासणीच्या जवळचे आहे. एकाच खात्यात फरक आढळला तर त्या खात्याचे व्हाउचर काढून पाहावे. सगळ्याच खात्यांत फरक दिसू लागला तर दोष कामाच्या पद्धतीत शोधावा. एकच पंजा दुखत असेल तर बहुधा काटा, काच, कापणे किंवा वाढलेले नख असे स्थानिक कारण असते. चारही पंजे एकदम बिघडले तर कारण बहुधा शरीराच्या आत असते, किंवा कुत्रा रोज ज्यावरून चालतो त्या जमिनीत. लस न टोचलेल्या पिलांना होणाऱ्या डिस्टेंपर या रोगातही नाक आणि गाद्या टणक होतात; उतारवयात यकृताच्या विकारातही गाद्यांना भेगा पडतात. म्हणून चारही पंजांचे दुखणे घरगुती लेपावर कधीच सोडू नये.

एका पंजाच्या दुखण्यात मात्र आपण बरेच काही करू शकतो. आपल्या माळरानावर बाभळीचे काटे, सराटे आणि कुसळे यांना तोटा नाही. कुसळाची घडण अशी असते की ते पुढेच सरकते, मागे फिरत नाही; बोटांच्या बेचक्यातून ते आत खोल शिरते. वर दिसणारा काटा चिमट्याने सरळ ओढून काढावा. खोल गेलेला काटा सुईने कोरत बसू नये. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून त्याने जखम धुवावी. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मध्येच उघडून पाहू नये. पट्टी बांधताना बोटांच्या बेचक्यांत थोडा कापूस ठेवावा, पट्टी सैलसर असावी, रोज बदलावी आणि ओली झाली तर लगेच काढावी. दहा मिनिटांनंतरही रक्त थांबले नाही, जखम खोल असली, पू किंवा सूज दिसली, अथवा कुत्रा पाय टेकतच नसेल, तर थेट दवाखाना गाठावा. पुढच्या पायाच्या आतील बाजूचे वरचे नख जमिनीला लागत नाही, म्हणून झिजत नाही. ते वळून मांसात रुतते आणि केसांमुळे दिसतही नाही. तेही आवर्जून पाहावे.

उन्हाळ्याविषयी वेगळे सांगितले पाहिजे. हवेचे तापमान २५ अंश असतानाही उन्हातील डांबर ५० अंशांच्या पुढे जाऊ शकते. सोलापूर जिल्ह्यात तर एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात अंक मोजावे. आपल्याला सोसवत नसेल, तर त्यालाही सोसवणार नाही. फिरणे सूर्योदयाच्या सुमारास किंवा रात्री जमीन निवल्यावर करावे. तळवे भाजलेच तर १० ते २० मिनिटे साधे गार पाणी वाहते ठेवावे. बर्फ, तूप, टूथपेस्ट यांपैकी काही लावू नये. फोड फोडू नयेत आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पावसाळ्यात संकट उलट दिशेने येते. बोटांच्या बेचक्यांत ओल राहते, बुरशी वाढते, तांबूस डाग आणि आंबूस वास येतो, गाठी उठतात. बाहेरून आल्यावर पंजे धुऊन बेचके फडक्याने कोरडे करणे, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

घरात असलेल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कदापि देऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी त्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही त्याच्या यकृताला घातक ठरू शकते. फिनाईल, वापरलेले इंजिन ऑइल हे ‘रामबाण’ उपायही तितकेच घातक आहेत. अंगावर लावलेले सारे तो चाटून पोटात घेतो. आणखी एक सावधगिरी: वेदनेत असलेला प्रेमळ कुत्राही चावतो. पंजा तपासताना एकाने डोके हळुवार धरावे, मुलांना दूर ठेवावे. चावला किंवा त्याचा दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी.

मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून मोठी दंगल झाली आणि १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभा राहिला. व्यापारी पेठांनी मुक्या जिवांना आसरा आणि अन्न देण्याची परंपरा अशी जुनी आहे. त्या दयेला आता थोड्या माहितीची जोड हवी. आपल्या दाराशी असलेल्या कुत्र्याचे पंजे आठवड्यातून एकदा, एकेक करून, उजेडात पाहावेत. चार पंजांना पाच मिनिटे पुरतात.