खेडच्या डोंगरातून

खेड, गुरुवार रात्र

ती. आईस,
पोचलो. उद्यापासून रेंजचा भरवसा नाही, म्हणून पत्र. वाटेत एका स्टँडवर (गाव सांगत नाही) चौकशीच्या खिडकीत पुढची गाडी विचारली. "फलकावर लिहिलंय," मान वर न करता उत्तर. फलक पुसलेला होता. तसं म्हटलं तर म्हणाला, "मग लागेल तेव्हा कळेल." अजून डोकं तापलंय. खानावळीत सोलकढी दोनदा घेतली, दुसऱ्या वाटीचे वेगळे पंधरा रुपये! बाबांच्या गुडघ्याचा एक्सरे झाला का?

रसाळगड, शुक्रवार

निमणीहून चढलो. तोफा, बुरूज सगळं पाहिलं. ते फोटोत दाखवीन. झोलाईदेवीच्या देवळात पथारी टाकलीय. कोकणात कसली थंडी, म्हणून तू शाल काढून ठेवलीस ना? वारा फटीतून नेमका कानात शिरतो. मेणबत्ती विझते, पेन गारठतं. खालच्या वाडीतल्या मावशींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि कुळथाची पिठी दिली. पैसे घेईनात, शेवटी नातवाच्या हातात दिले. तुझं मेतकूट तसंच आहे, रागावू नकोस.
भेटेल तो एकच विचारतो, "एकलेच? जोडीला कोण नाय?" नाही म्हटलं की घरी भांडण झालंय का, अशा नजरेने बघतात.

महिपतगड, शनिवार

वाटेतल्या सुमारगडाला वाटाड्या घेतला, हे आधी सांगतो, म्हणजे तुझा जीव खाली पडेल. मधल्या रानात ढोरवाटा इतक्या फुटतात की सगळ्याच खऱ्या वाटतात. कारवीत शिरलं की पुढचा डोंगरही दिसत नाही. गव्याचं शेण दिसलं, गवा नाही. वाटाड्या वाटभर स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा खर्च सांगत होता. मला बोलावं लागलं नाही. शेवटच्या कड्यावर मात्र त्याने पाय कुठे ठेवायचा ते एकेक करून सांगितलं. मग इथवर सोडून तो परतला.
हा गड सव्वाशे एकरांच्या आसपास म्हणतात. सहा दरवाजे, मला दोनच सापडले. पारेश्वराच्या देवळात मी एकटाच. रसाळगडावर कोणी नव्हतं ते बरं वाटलं होतं, इथे वाटत नाही. चहा केला तर सवयीने दोन कप पाणी ठेवलं. धाकटीची परीक्षा सोमवारपासून ना? तिला म्हणावं, माझ्या टेबलाचा दिवा घे.
उद्या दहिवलीला उतरतो, रेंज आली की पत्राचा फोटो तिथूनच पाठवीन. सुधाकाका विचारतील त्यांना सांग: रसाळ एकट्याने खुशाल करा, सुमारला वाटाड्याचे पैसे वाचवू नका. घरी पोचायला रात्री उशीर होईल. दाराला आतून कडी घालू नका, आणि आमटी थोडी जास्त ठेवा.

तुझा,
बाळ